लेकीच्या चष्म्याचा नंबर थोपवताना

लेक दुसरीत असताना नंबर मायनस एक होता, वर्षभरात मायनस दोन झाला. ‘वाढत्या वयात वाढतोच, चष्मा बदलून घ्या,’ असं दुकानात सांगितलं. मला ते पटेना. माझा स्वतःचा नंबर मायनस सात आहे, पडदा एका जागी पातळ झाल्यामुळे लेझरही करून घ्यावं लागलंय. तिच्यावर ती वेळ यायला नको होती. लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञांकडे गेलो.

तिथे आधी बाहुली मोठी करणारे थेंब घातले. मुलं बघताना नकळत डोळ्यांवर जोर देतात आणि मायनस नंबर असतो त्यापेक्षा जास्त निघतो. थेंबांनी तो जोर सुटतो. मग हनुवटी टेकवून, डोळ्याला काहीही न लावता, यंत्राने डोळ्याची पुढून मागेपर्यंतची लांबी मोजली: २४.१ मिलिमीटर. मोठ्या माणसाचा डोळा साधारण एवढा असतो, आणि ही आठ वर्षांची! लांबी एक मिलिमीटर वाढली की नंबर साधारण अडीच-तीनने वाढतो, आणि लांबलेला डोळा चष्म्याने आखूड होत नाही. नंबर वाढत असेल तर ही लांबी मोजून घ्याच, आणि तो कागद जपून ठेवा.

नंबरची वाढ मंदावणारे खास चष्मे मिळतात, पण महाग आहेत. आम्ही त्याऐवजी रोज रात्री ॲट्रोपिन या, नंबरची वाढ मंदावणाऱ्या औषधाचा एकेक थेंब सुरू केला, ०.०५ टक्क्यांचा. हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०१ आणि ०.०२५ टक्क्यांपेक्षा तो जास्त प्रभावी ठरला होता. या थेंबांमुळे उन्हात डोळे दिपतात म्हणून ती टोपी घालते. हे थेंब मनाने बंद करायचे नाहीत, नंबर पुन्हा झपाट्याने वाढू शकतो. पुस्तक कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर, आणि रोज दोन तास घराबाहेर. झाडाच्या सावलीतही वर्गापेक्षा कितीतरी पट उजेड असतो, आणि डोळ्यांना तो उजेडच हवा असतो, त्यामुळे कडक उन्हात थांबायची गरज नाही.

वर्षभराने लांबी २४.२५, नंबर सव्वादोन. मला हायसं वाटलं.

धाकट्यालाही तपासलं. सहा वर्षांचा आहे, चष्मा नाही. थेंब घालून प्लस अर्धा नंबर निघाला. या वयात प्लस पाऊणपेक्षा कमी असेल तर पुढे मायनस लागण्याची शक्यता जास्त, असं डॉक्टर म्हणाले. त्यात आईचा, म्हणजे माझा, नंबर एवढा मोठा. त्याला सध्या औषध नाही. संध्याकाळी दोघांनाही मैदानावर नेते आणि दर सहा महिन्यांनी त्याची लांबी मोजून घेते.