लाटेक ऑफलाइन लिहायचंय? आधी वितरण ठरवा

"दादा, लाटेकसाठी एडिटर कोणता चांगला?" प्रबंध लिहायला बसलेली मुलं हेच विचारतात. लाटेक म्हणजे साध्या फाइलमध्ये मजकूर आणि खुणा लिहून त्यातून छापील पानं तयार करायची पद्धत. मी आधी विचारतो, मशीनवर टेक लाइव्ह आहे की मिकटेक? ही दोन वितरणं, म्हणजे लाटेक चालवायला लागणाऱ्या प्रोग्रामांचे तयार संच; पानं जुळवून पीडीएफ काढायचं काम तीच करतात. दोन्ही फुकट आणि मुक्त आहेत. एडिटर नंतर कधीही बदलता येतो.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरूनच मी प्रबंध आणि प्रश्नपत्रिका टाइपसेट करून देतो. इथल्या एकाच प्रबंधात इंग्रजी मजकूर, गुजराती उतारे आणि मराठी तळटिपा येऊ शकतात. हे काम मी ऑनलाइन करत नाही. फुकटच्या सेवांवर कंपाइलला, म्हणजे फाइलमधून पीडीएफ काढायला, वेळेची मर्यादा असते, आणि कुणाचं अजून न छापलेलं संशोधन माझ्याच मशीनवर राहावं असं मला मनापासून वाटतं.

मिकटेक सुरुवातीला थोडी जागा घेतं आणि लागेल तसं पॅकेज, म्हणजे लाटेकला जोडायची जादा सोय, नेटवरून उतरवतं. नेट नसेल तर नेमकं तिथेच अडतं. म्हणून मी टेक लाइव्ह सुचवतो, तेही पूर्ण. ८ जीबीच्या आसपास जागा जाते, जाऊ द्या. अख्खा संच असलेली आयएसओ फाइल एकदा पेनड्राइव्हवर घेतली की नेट नसलेल्या मशीनवरही चढवता येते. दरवर्षी नवी आवृत्ती निघते, पण प्रबंध अर्धा झालेला असताना ती बदलू नका. पॅकेजांच्या माहितीपुस्तिकाही सोबतच येतात: टर्मिनलवर 'टेकडॉक' आणि पॅकेजचं नाव दिलं की पुस्तिका उघडते. माझी भाची बीमर या लाटेकच्या सोयीने स्लाइड करायला अशीच शिकली, कुठलाही व्हिडिओ न बघता.

एडिटर म्हणून मी टेकस्टुडिओ वापरतो. पीडीएफमधल्या शब्दावर कंट्रोल धरून क्लिक केलं की मूळ फाइलमधली ती ओळ समोर येते. मार्गदर्शकांनी लाल पेनाने भरलेली प्रत सुधारताना याची किंमत कळते. जुना, हळू लॅपटॉप असेल तर टेकवर्क्स पुरतो.

आता मराठीचं. टेकस्टुडिओ सुरुवातीला पीडीएफलाटेक हा कंपायलर (पीडीएफ काढणारा प्रोग्राम) चालवतो आणि त्यात आपली युनिकोड देवनागरी उमटत नाही. सेटिंगमध्ये बिल्डखाली डिफॉल्ट कंपायलर झीलाटेक करा. जोनाथन क्यू यांनी केलेलं झीटेक हे इंजिन त्यामागे आहे, आणि टेकवर्क्सही त्यांचाच. मग फॉन्ट नेमायचं फॉन्टस्पेक पॅकेज घेऊन फॉन्ट सांगा. मी आयआयटी मुंबईचा शोभिका वापरतो, तोही मोफत आहे. फॉन्टच्या नावासोबत लिपी देवनागरी असं सांगायलाच हवं. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. भाषा मराठी असंही सांगा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. गुजराती उताऱ्यांसाठी वेगळा फॉन्ट नेमून त्याची लिपी गुजराती ठेवा.

फॉन्ट पक्का करण्याआधी एक छोटी फाइल कंपाइल करा. तिच्यात 'क्लिष्ट', 'शाळा', 'दुसऱ्या', 'कित्येक' हे शब्द ठळक आणि तिरप्या अक्षरांतही घाला. बऱ्याच देवनागरी फॉन्टांना तिरपं अक्षर नसतंच. तेव्हा ग्रंथांची नावं तिरपी छापायची की अवतरणात, हे मार्गदर्शकांशी बोलून पहिल्या प्रकरणाआधीच ठरवून घ्या.