आगीवर जगणारं रान

गेल्या शनिवारी सकाळी अपालाचिकोला नॅशनल फॉरेस्टमध्ये भटकत होतो, अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅलाहासी शहराच्या अगदी शेजारचं सरकारी जंगल. मे महिन्यात तिथे मुद्दाम आग लावली होती, त्यामुळे जमीन अजून काळी, पाइनची सालं कमरेपर्यंत करपलेली, आणि त्या काळ्यातून वायरग्रासचे हिरवेगार झुबके वर आलेले. एक झुबका वाकून नीट बघितला तर ते गवत नव्हतंच, लाँगलीफ पाइनचं रोप होतं!

पहिली काही वर्षं हे झाड उंच होतच नाही. गवतासारखं जमिनीलगत बसून राहतं, सगळी ताकद सोटमुळात घालतं आणि कोंब लांब सुयांच्या दाट गुच्छात झाकून ठेवतं. आग येते, सुया जळतात, पण कोंबापर्यंत धग पोचायच्या आत आग पुढे गेलेली असते. मग कधीतरी ते एकदम वर सुटतं. आग आलीच नाही तर मात्र ओक आणि बाकीची झुडपं माजतात, सावली धरतात आणि हे खाली गुदमरतं.

एकेकाळी व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत साधारण ९ कोटी एकरांवर हे रान होतं. टर्पेंटाइनसाठी खोडं चिरली, मग रेल्वे आली आणि सरसकट तोड झाली, मोकाट डुकरांनी रोपं खाल्ली, त्या जागी भराभर वाढणारा लॉब्लॉली पाइन लावला, आणि वर जंगलातली प्रत्येक आग वाईटच हे लोकांच्या मनात पक्कं बसवलं गेलं. शेवटी जेमतेम ३० लाख एकर उरलं. मला या आगीच्या गोष्टीचंच जास्त वाईट वाटतं, कारण तोडलेलं रान निदान दिसतं तरी, आगीवाचून मरत चाललेलं रान लांबून छान हिरवंच दिसतं.

२००९ मध्ये हे रान परत ८० लाख एकरांपर्यंत न्यायचं टार्गेट ठरलं, आता आकडा ५० लाखांच्या आसपास आलाय. रोपं लावणं त्यातल्या त्यात सोपं. पुढे दर दोन-तीन वर्षांनी बर्न करायचा, म्हणजे मुद्दाम आग लावायची, आणि तोही वारा, ओलावा, धूर कुठे जाणार हे सगळं जुळलं तरच, असे दिवस वर्षात मोजकेच. दोन-तीन बर्न हुकले की झुडपं एवढी चढतात की नंतरची आग थेट शेंड्यापर्यंत जायची भीती.

आणि वेळ किती लागतो! रेड-कॉकेडेड वुडपेकर हा सुतारपक्षी जिवंत पाइनमध्ये ढोली कोरतो, पण त्याला म्हातारी झाडं लागतात, आतलं लाकूड बुरशीने मऊ झालेली. १९८९ मध्ये ह्यूगो वादळाने साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन नॅशनल फॉरेस्टमधली ढोल्यांची बहुतेक झाडं पाडली, तेव्हा उरलेल्या खोडांमध्ये लाकडी पेट्या बसवून हा पक्षी टिकवला. २०२४ मध्ये त्याचा दर्जा एंडेंजर्डवरून थ्रेटन्डवर, म्हणजे एक पायरी कमी धोक्यात, आला, ते वाचून खरंच भरून आलं.

ऑक्टोबरमध्ये परत जाणार आहे. वायरग्रासला तुरे येतात ते मुख्यतः उन्हाळ्यात जळल्यावरच, आणि दुसरीकडे नवीन रान उभं करायचं तर पाइनखाली हे गवतही पेरावं लागतं, त्यासाठी बी अशाच जळलेल्या पट्ट्यांतून मिळतं. मेमधल्या त्या पट्ट्यात तुरे आलेत का, ते बघायचंय.