आयोना एक मैलावर आणि आम्ही सव्वाचार तास धक्क्यावर

ज्याने त्याने आम्हाला एकच सांगितलं होतं, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबान बंदरात पोचलात की आयोना बेट आलंच. साफ खोटं. ओबानला पोचल्यावर अजून दोन बोटी आणि एक बस बाकी असते, आणि त्यातली शेवटची बोट जेमतेम दहा मिनिटांची. आमचा सगळा दिवस त्या दहा मिनिटांनी खाल्ला.

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघांनी ही यात्रा ठरवली होती. संत कोलंबा इ.स. 563 मध्ये बारा सोबत्यांना घेऊन आयर्लंडहून कातड्याने मढवलेल्या होडीतून आयोनाला आला आणि तिथे मठ उभा केला. तिथे एकदा प्रार्थनेला बसायचं, एवढंच ठरलं होतं.

ग्लासगोहून ट्रेनने ओबान आणि तिथे मुक्काम. (हा मुक्काम कराच. त्याच दिवशी सगळं गाठायला जाऊ नका.) सकाळच्या मोठ्या बोटीने पाऊण तासात मल बेटावरचं क्रेगन्यूर. उच्चार खरंच 'मल' आहे, घरी फोनवर सांगताना जरा जपून. तिथून साठेक किलोमीटर बस. रस्ता एकाच गाडीपुरता, समोरून कुणी आलं की एकाने कडेच्या फुगवट्यात थांबायचं आणि दुसऱ्याने हात करून पुढे जायचं. सगळं वेळेवर झालं. एक वीसला आम्ही मलच्या दुसऱ्या टोकाच्या फिनफर्ट गावात उतरलो. समोर आयोना, मठाचा चौकोनी मनोरा सरळ डोळ्यांनी दिसतोय. आणि धक्क्यावर बोट नाही.

तिकीट खिडकीवर चिकटपट्टीने कागद लावलेला, 'पंधरा मिनिटांत येतो.' पंधराची चाळीस झाली. माणूस आला, कागद काढून घडी घालून खिशात ठेवला (म्हणजे तो रोजचाच असणार) आणि म्हणाला, ''लाटा आहेत. तासाभराने बघू.'' तासाभराने म्हणाला, ''बघू.'' फोनवर बोट कंपनीचं पान उघडलं तर तिथे लिहिलेलं, सेवा सुरू आहे, व्यत्यय येऊ शकतो. दीड वाजता तेच, साडेतीनला तेच. अहो, बोट समोर नाहीये, हा व्यत्यय नव्हे तर काय? 'बंद' एवढं लिहायला काय जातं? माणूस निदान जेवून तरी घेईल.

माझा पारा चढायचं दुसरं कारण म्हणजे ऊन पडलं होतं. वारा होता, पण वादळ म्हणावं असं काही नव्हतं. मग एका म्हाताऱ्या स्थानिक बाईने मला धक्क्याच्या टोकाशी नेऊन दाखवलं. धक्का कसला, पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. बोट त्यावर आपली लोखंडी फळी टाकते आणि लोक चालत चढतात. नैऋत्येकडून उसळी आली की पाणी त्या उतारावर गुडघाभर चढतं आणि सळसळत मागे जातं. अशा वेळी फळी टाकली तर बोट वर-खाली होऊन ती काँक्रीटवर आपटणार. पलीकडेही असाच उघडा उतार. म्हणजे आभाळ बघून काही कळत नाही, उतार बघायचा. ही गोष्ट खिडकीतल्या माणसाने एका वाक्यात सांगितली असती तर मी त्याला मनातल्या मनात एवढं बोललो नसतो.

बोट कुठे होती? उत्तरेला, 'बायकांचं बेट' नावाच्या बेटाआडच्या अरुंद खाडीत. दंतकथा अशी की कोलंबाने आयोनावर गाईंना आणि बायकांना बंदी केली होती. गाय आली की बाई येणार आणि बाई आली की कटकट येणार, म्हणे. म्हणून मठ बांधणाऱ्या कारागिरांच्या बायकांना त्या बेटावर ठेवलं. हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती थर्मासचं झाकण लावत म्हणाली, ''शेवटी बोटीला आसरा बायकांच्याच बेटाआड ना?''

कोलंबाचं चरित्र त्याच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी त्याच मठाच्या नवव्या मठाधिपतीने लिहिलं. त्यात याच सामुद्रधुनीपलीकडून हाका मारणारे पाहुणे आहेत. एकदा अशी हाक ऐकून कोलंबा म्हणाला की आत्ता ओरडणारा हा धांदरट गृहस्थ आज माझी शाईची दौत सांडणार, आणि त्याने ती सांडलीच. हेही मी सांगितलं. ''मग तुम्हीही ओरडा,'' ही म्हणाली, ''निदान इथल्या लोकांच्या मागचा जाच तरी संपेल.'' तोवर मी खिडकीवर पाच वेळा जाऊन आलो होतो.

पुढची सूचना आधीच द्यायला हवी होती, ती आत्ता आठवली: जिथे उतरणार त्या घराचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या आणि बोट कंपनीच्या पानाऐवजी त्यांना विचारा. मी चार वाजता आमच्या मालकीणबाईंना फोन केला. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो उतार दिसतो. म्हणाल्या, ''भरती बदलली की लाटा बसतील, पाचनंतर सुटेल बहुतेक. नाहीच सुटली तर उद्या या, खोली कुठे जात नाही.'' एवढ्यानेच माझा निम्मा राग उतरला.

खरी परीक्षा पुढेच होती. क्रेगन्यूरला परत जाणारी त्या दिवसाची शेवटची बस येऊन उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरून सगळ्यांना विचारत होता, येताय की थांबताय? बस सोडली आणि बोट आली नाही तर रात्र कुठे काढायची? गावात एक दुकान, एक पब, मोजकी घरं. समोरच्या वाळूवर मधोमध दुभंगलेला एक भलाथोरला गुलाबी ग्रॅनाइटचा दगड आहे, त्याच्या फटीत झोपायचं का? आमच्याबरोबरचे दोन जर्मन चढले. मी बॅग उचलली. ही बॅगेवर बसून राहिली. म्हणाली, ''बाई पाचनंतर म्हणालीय. अजून पाच वाजले नाहीत.'' बस गेली.

पाच पस्तीसला बायकांच्या बेटाआडून बोट बाहेर आली.

पाच चाळीसला चढलो. फळीवरून जाताना बूट भिजले. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो. पाणी न शिरणारी पँट आणि जादा मोजे न्या. चाकांच्या बॅगेचं ओझं उतारावर आपल्यालाच उचलावं लागतं, म्हणून पाठीवरची बॅग बरी. पाहुण्यांना गाडी पलीकडे नेता येत नाही, त्यामुळे भाड्याची गाडी घेतली असेल तर ती फिनफर्टलाच ठेवावी लागते. आणि बेटावर एक रात्र जादा धराच. परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं काढणाऱ्यांची मला आता कीव येते.

रात्री नऊच्या उपासनेला ओल्या बुटांनी गेलो. बाहेर संत मार्टिनचा आठव्या शतकातला दगडी क्रूस, आणि नऊ वाजूनही लख्ख उजेड. आत यात्रेकरूंसाठी मोठ्याने प्रार्थना झाली तेव्हा मी त्या दोन जर्मनांची नावं न कळता आठवण केली. खिडकीवाल्याची केली नाही. दुसऱ्या दिवशी केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उसळी आली. आम्ही इकडच्या उतारावर चहा घेत उभे होतो आणि पलीकडे फिनफर्टला रंगीत जाकिटांची गर्दी ताटकळत होती. मी हात हलवला. तिकडून कुणीच हलवला नाही.