चार पोर्ट, वेग एकाचाच

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलं एक टूलरूम. प्रेस टूल आणि मोल्ड बनवतात. शनिवारी त्यांची साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे सर्व्हरला हात लावायला तेवढा एकच दिवस मिळतो. तक्रार साधी होती. सर्व्हरमध्ये चार पोर्टचं गिगाबिट कार्ड बसवलं, आधीच्या माणसाने ‘आता चौपट स्पीड’ असं सांगितलं, आणि ४८ जीबीची स्कॅन फाइल कॉपी व्हायला अजूनही सात मिनिटं लागतात. शिवाय रविवारी रात्री अकराला लावलेला पूर्ण बॅकअप सोमवारी सकाळी सातची शिफ्ट आली तरी रेंगाळतच असतो.

सात मिनिटं म्हटल्यावरच अर्धं निदान झालं. ४८ जीबीला सात मिनिटं आणि वर काही सेकंद, म्हणजे सेकंदाला ११२ मेगाबाइट. १५०० बाइटच्या पॅकेटने एका गिगाबिट तारेतून टीसीपीचा (डेटा क्रमाने आणि न हरवता पोहोचवणारी पद्धत) सेकंदाला जास्तीत जास्त ९४१ मेगाबिट माल जातो, म्हणजे ११७ मेगाबाइट. विंडोज १०२४च्या हिशेबाने मोजतं, म्हणून त्याच्या खिडकीत तोच आकडा ११२ दिसतो. एक तार काठोकाठ भरून वाहत होती. नेटवर्क मंद नव्हतंच, बाकीच्या तीन तारा रिकाम्या बसल्या होत्या.

मालक पिंपळगाव बसवंतचे. त्यांना म्हटलं, “साहेब, बाजार समितीत चार वजनकाटे असले तरी तुमचा ट्रॅक्टर एकाच काट्यावर चढतो ना? चार ट्रॅक्टर आले तर चौघांचं एकदम होईल. पण एकाच ट्रॅक्टरचं वजन चौपट लवकर होणार नाही.” ते हसले. “मग गोण्या उतरवून चार काट्यांवर वाटल्या तर?” त्या प्रश्नाकडे संध्याकाळी परत यावंच लागलं.

आधीच्या माणसाने चारही पोर्ट एकत्र बांधून मोड ४चा बाँड केला होता, म्हणजे एलएसीपी. ही पद्धत २००० साली ८०२.३एडी या मानकाने आली. तिचा नियम असा, की एका जोडणीची सगळी पॅकेटं एकाच तारेने जातात. पॅकेटं मागेपुढे होऊ नयेत म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे. इथे विंडोजची साधी फाइल-कॉपी म्हणजे पोर्ट ४४५वरची एकच टीसीपी जोडणी. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी-आज्ञेला १६ धागे (थ्रेड) दिले तरी ते सगळे त्याच एका जोडणीतून जातात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

पण मग चार पीसी एकदम कॉपी करायला बसले तर चारही तारा भरायला हव्यात. तेही होत नव्हतं.

मोजणीला डिस्क मध्ये आणायची नाही, हा आमचा पहिला नियम. सर्व्हरवर आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामच्या चार प्रती वेगवेगळ्या पोर्टवर चालू केल्या (एक प्रत एका वेळी एकाच पीसीची चाचणी घेते) आणि चार पीसींवरून एकदम उलट दिशेची चाचणी लावली, म्हणजे माल सर्व्हरकडून पीसींकडे. त्याआधी प्रत्येक पोर्टचा लिंक-वेग इथटूल या लिनक्सच्या आज्ञेने पाहून घेतला. पोर्ट १, २ आणि ४ हजार मेगाबिटवर, पोर्ट ३ मात्र १००वर. बाँडच्या स्थिती-फाइलमध्ये त्या पोर्टचा अ‍ॅग्रीगेटर आयडी, म्हणजे गटाचा क्रमांक, इतर तिघांपेक्षा वेगळा होता. एलएसीपी वेगळ्या वेगाचा पोर्ट गटात घेत नाही. तक्रार न करता बाजूला ठेवतो. दिवा हिरवाच राहतो.

केबल काढून कनेक्टर उजेडात धरला. सातव्या पिनेची पांढरी-तपकिरी तार सोन्याच्या पात्याच्या जेमतेम एक मिलिमीटर अलीकडे संपत होती. क्रिंप करताना ती तार मागे सरकलेली. १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ या चारच पिना पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे कार्डं आपसात हजारवर बोलून घेतात, लिंक उभी राहत नाही, आणि ती गुपचूप १००वर उतरतात. केबल नव्याने क्रिंप केली, चारही पोर्ट एका गटात आले.

पुन्हा चाचणी. चार पीसींची बेरीज १.८८ गिगाबिट. चार तारांची ३.७६ यायला हवी होती, आली बरोबर निम्मी. इतका नेमका निम्मा आकडा आला की तो योगायोग नसतो, वाटणीचा दोष असतो. बाँडची हॅश पॉलिसी, म्हणजे कोणता माल कोणत्या तारेने हे ठरवायचा नियम, मूळचीच होती, लेअर २. म्हणजे दोन्ही बाजूंच्या मॅक पत्त्यांच्या (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) शेवटच्या बाइटवरून हिशेब करायचा, चारने भागायचं, आणि जी बाकी उरेल त्या पोर्टने पाठवायचं. चार पीसींच्या मॅकचे शेवटचे अंक होते ३, ६, ७ आणि ई, म्हणजे १४. चारने भागल्यावर बाक्या ३, २, ३, २. सर्व्हरचा पत्ता चौघांनाही सारखाच, त्यामुळे वाटणीत त्याने फरक पडत नाही. म्हणजे दोन पीसी एका तारेवर, दोन दुसरीवर, आणि उरलेल्या दोन तारा कायमच्या मोकळ्या. मॅक बदलत नसल्यामुळे रोज हाच प्रकार चालू होता.

पॉलिसी लेअर ३+४वर नेली की आयपी आणि पोर्ट क्रमांक हिशेबात येतात. मग प्रत्येक जोडणीची तार नव्याने ठरते. पण तोही जुगारच. चार जोडण्या नेमक्या चार वेगळ्या तारांवर पडण्याची शक्यता शंभरात नऊ-साडेनऊ. आणि सर्व्हरवरची पॉलिसी फक्त जाणाऱ्या मालाची. सर्व्हरकडे येणारा माल कोणत्या तारेने यायचा ते स्विच ठरवतो, त्याची सेटिंग वेगळी बदलावी लागते. निम्मे लोक हे विसरतात आणि ‘वाचायला फास्ट, लिहायला स्लो’ म्हणून फोन करतात.

मालकांच्या गोण्या चार काट्यांवर वाटायच्या, तर बाँडिंगचा मोड ० आहे. एक पॅकेट या तारेने, पुढचं त्या तारेने. तोही लावून पाहिला. एका जोडणीला एका तारेपेक्षा थोडा जास्त वेग मिळाला, पण आयपर्फच्या पुनर्पाठवणीच्या रकान्यात हजारोंचे आकडे. पॅकेटं मागेपुढे पोहोचली की टीसीपीला वाटतं ती हरवली, आणि ते वेग कमी करतं. शिवाय घेणाऱ्या पीसीत कार्ड एकच असेल तर सगळं तिथेच अडणार. गोण्या वाटल्या तरी पावत्या जुळवत बसावं लागतं.

म्हणून बाँड मोडला. ज्यांना एकाच फाइलला वेग हवा होता ते दोन कॅम (मशीनचे प्रोग्राम बनवणारे) वर्कस्टेशन. त्यांच्यात आधीचा एक पोर्ट होताच, आणखी एकेक कार्ड घातलं. मार्ग एसएमबी मल्टिचॅनलचा. एसएमबी म्हणजे विंडोजची फाइल-शेअरिंगची भाषा. एसएमबी ३.० बरोबर, म्हणजे विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून तो आहे. क्लायंट आधी नेहमीसारखा एका पत्त्यावर जोडला जातो, मग सर्व्हरला विचारतो की तुझी आणखी कोणती कार्डं आहेत, आणि प्रत्येकावर वेगळी टीसीपी जोडणी उघडून एकच फाइल त्यांत वाटतो. क्रम तो स्वतः जुळवतो, टीसीपीला त्रास नाही.

इथला सर्व्हर लिनक्सचा, त्यावर विंडोजला फाइली पुरवणारा प्रोग्राम सांबा ४.१३. मल्टिचॅनल सांबात २०१६च्या ४.४मध्ये प्रायोगिक म्हणून आलं आणि २०२१च्या ४.१५पासून मुळातच चालू असतं. जुन्या आवृत्तीत ते जबरदस्तीने चालू करून कारखान्याचा डेटा त्यावर टाकायचा नाही. आधी बॅकअप, मग अपग्रेड. दुपार त्यातच गेली.

पोर्टांची वाटणी अशी केली: पोर्ट १ला १० क्रमांकाचं सबनेट (आयपी पत्त्यांचा गट), तेच ऑफिसचं जुनं. पोर्ट २ला २०. पोर्ट ३ आणि ४ बॅकअपसाठी, ३० आणि ४०. गेटवे फक्त १०वर. एकाच सबनेटमध्ये चार पत्ते द्यायचे नाहीत, लिनक्स जाणारा सगळा माल पहिल्या रस्त्याने काढतो. सांबाच्या इंटरफेसेसच्या ओळीत १० आणि २०चे दोनच पत्ते लिहिले, प्रत्येकापुढे वेग आणि आरएसएस क्षमता (येणारा माल प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटण्याची सोय) नोंदवली, आणि फक्त तेवढ्याच पत्त्यांवर ऐक असं सांगितलं.

वर्कस्टेशनवर फाइल ओढली, पुन्हा ११२. पॉवरशेलमध्ये एसएमबी क्लायंटच्या कार्डांची यादी काढली तर मूळ कार्डापुढे आरएसएस ‘ट्रू’, नव्या कार्डापुढे ‘फॉल्स’. विंडोजला आरएसएसवालं कार्ड मिळालं की ते बिनआरएसएसवालं घेतच नाही. नशिबाने कार्डात सोय होती, फक्त बंद होती. डिव्हाइस मॅनेजर, अ‍ॅडव्हान्स्ड, रिसीव्ह साइड स्केलिंग, एनेबल. यादीत दोन्ही ‘ट्रू’. कॉपी २२५वर.

आमच्याकडची मुलं टाळ्या पिटत होती. तेवढ्यात कॅमवाल्याने उलटी कॉपी करून पाहिली, वर्कस्टेशनवरून सर्व्हरवर. “सर, जाताना परत ११२च दाखवतंय.”

वाचताना दुप्पट, लिहिताना एकपट. डिस्क आम्ही सकाळीच मोजली होती, रेड (अनेक डिस्कचा गट) सलग लिहायला ३०० मेगाबाइटच्या वर जात होता, तेव्हा दोष तिचा नव्हता. सर्व्हरवर पोर्टनिहाय येणारे बाइट पाहिले तर सगळे पोर्ट १वर. पोर्ट २वरून माल बाहेर जात होता, आत काहीच येत नव्हतं. वर्कस्टेशनवर एआरपीचा तक्ता, म्हणजे कोणत्या आयपीपुढे कोणता मॅक ही यादी, काढली. सर्व्हरच्या १०च्या आणि २०च्या, दोन्ही पत्त्यांपुढे एकच मॅक. सबनेट वेगळी केली होती, पण चारही तारा एकाच स्विचच्या एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच कप्प्यात. ‘२०चा पत्ता कुणाचा?’ ही हाक सर्व्हरच्या चारही पोर्टांना ऐकू गेली, आणि लिनक्सच्या दृष्टीने पत्ता कार्डाचा नसून अख्ख्या मशीनचा असतो. त्यामुळे पोर्ट १ने ‘माझा’ म्हणून उत्तर दिलं. सर्व्हरकडून जाणारा माल राउटिंगप्रमाणे योग्य पोर्टने निघत होता, म्हणून वाचन दुप्पट. येणारा सगळा एकाच दारातून.

इलाज दोन, आणि दोन्ही केले. स्विचवर चार व्हीलॅन केले, प्रत्येक सबनेटला आपला. सर्व्हरच्या सिसकंट्रोलमध्ये (लिनक्स कर्नलची सेटिंग) एआरपी-इग्नोर १ आणि एआरपी-अनाउन्स २, म्हणजे ज्या पोर्टचा पत्ता त्यानेच उत्तर द्यायचं. वर्कस्टेशनचा एआरपी तक्ता पुसला. दोन पत्त्यांपुढे दोन मॅक आले. लिहिणं २२०च्या आसपास गेलं, आणि ४८ जीबीची फाइल साडेतीन-पावणेचार मिनिटांत आली.

कुणीतरी विचारलं, जंबो फ्रेम लावू का? पॅकेट १५००ऐवजी ९००० बाइटचं केलं की ९४१चे ९९० होतात, पाच टक्के फायदा. त्यासाठी दोन्ही टोकं आणि मधला प्रत्येक स्विच ९०००वर हवा. नुसता सर्व्हर बदलला तर टीसीपी जोडणीच्या वेळीच लहान आकार ठरवून घेतं, काही बिघडत नाही, फायदाही नाही. दोन्ही टोकं बदलली आणि स्विच राहिला, तर फोल्डर उघडतो, छोटी फाइल येते आणि मोठी मध्येच लटकते. पिंगला ८९७२ बाइटचं न तुटणारं पॅकेट देऊन पाहायचं, ते गेलं तरच पुढे जायचं. त्याच नेटवर्कवर १०० मेगाबिटचे जुने सीएनसी कंट्रोलर आहेत. पाच टक्क्यांसाठी ती डोकेदुखी नको, असं आमचं मत.

बॅकअपचं गणित सोपं होतं. ३.२ टीबी, एक आरसिंक (कॉपी करणारा प्रोग्राम), एक जोडणी, एक तार. अडथळा न येता गेलं तरी साडेसात तास, वर पडताळणी. बाँडवर चार आरसिंक सोडणं हा नेहमीचा सल्ला, पण दोन तारांवर चारही एकाच तारेला पडण्याची शक्यता आठात एक. हॅशवर सोडायचंच कशाला? ‘चालू जॉब’ १.५ टीबी तो ३०च्या पत्त्याने, ‘जुने जॉब’ १.७ टीबी तो ४०च्या पत्त्याने, दोन वेगळे आरसिंक. दोनपेक्षा जास्त केले तर फिरत्या डिस्कची डोकी इकडून तिकडे पळत राहतात.

एनसी (मशीन चालवणाऱ्या) प्रोग्रामांचा फोल्डर मात्र सुधारला नाही. तिथे ४०,००० बारीक फाइली, आणि प्रत्येक फाइलला उघड-लिही-बंद कर अशी जा-ये. त्यात तार रिकामीच असते, कितीही कार्डं घाला. रोबोकॉपीचे १६ धागे तिथे खरे कामाला येतात. त्याहून बरं म्हणजे एक झिप करून ती हलवायची.

बाँड मोडल्यामुळे एक गोष्ट गमावली. पोर्ट १ गेला तर ऑफिसचे साधे पीसी बंद पडतील. म्हणून बोर्डावरचा मोकळा पोर्ट त्याच्या जोडीला मोड १ने ठेवला, एक चालू, एक राखीव. वेग वाढत नाही, पण स्विचवर काही करावंही लागत नाही.

मालकांना हेही सांगितलं, की तिसरं वर्कस्टेशन आलं तर कार्डं वाढवू नका. सर्व्हरला आणि वर्कस्टेशनांना १० गिगाबिटचं एकेक कार्ड घ्या, सर्व्हरच्या रॅकजवळ असेल तर तयार डॅक (दोन्ही टोकांना प्लग बसवलेली तांब्याची) केबल, पलीकडच्या शेडला फायबर. किंवा आहे त्याच कॅट ५ई केबलवर २.५ गिगाबिट, तेही १०० मीटरपर्यंत चालतं. एकाच फाइलला वेग हवा असेल तर रुंद तार एक असलेली बरी.

रविवारी रात्री अकराला लागलेला बॅकअप तीन वाजून दहा मिनिटांनी संपला, पडताळणी पाचच्या आत. सोमवारी दुसऱ्या वर्कस्टेशनवाल्याचा फोन: शेजारच्याला २२५ मिळतात, मला १६०च्या वर जातच नाही. सेटिंग सगळी जुळत होती, दोन्ही जोडण्या चालू. टास्क मॅनेजरमध्ये त्याची डी ड्राइव्ह १०० टक्क्यांवर टेकलेली. ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क. तिला एसएसडी मागवली आहे.