जिन्यातला दिवा

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी एका सोसायटीच्या मीटर रूममध्ये टेस्टर दातात धरून उभा होतो. बिलं सोडली तर मी काही लिहीत नाही. पण शाळेचं नाव वाचलं आणि थेट विज्ञानाचे सर डोळ्यांपुढे आले, हातात उडीच्या दोन दोऱ्या घेऊन.

आठवी ब, साल १९८६. सरांनी विचारलं, "परिपथ बंद केला तर काय होईल?" मी झटकन उठलो. "दिवा विझेल, सर." सगळा वर्ग माझ्याच बाजूचा, कारण घरी आपण 'लाईट बंद कर' असंच म्हणतो. सरांनी लाकडी फळीवर दोन ड्रॉइंग पिना ठोकल्या, एकीत सेफ्टी पिन अडकवली आणि दोन सेल नि टॉर्चचा बल्ब तारांनी जोडला. सेफ्टी पिन फिरवून दुसऱ्या पिनेला टेकवली की बल्ब लागायचा.

"आता वाट कुठे तुटलीय?"

"कुठेच नाही, सर."

"म्हणजे कडं मिटलं. मिटलं म्हणजे बंद. घरात बटण बंद करतोस तेव्हा परिपथ उघडतो, गाढवा."

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी मी हाच प्रश्न टाकतो. बहुतेक जण 'विझेल' म्हणतात. मला जरा बरं वाटतं.

दोऱ्यांची गोष्ट त्याच आठवड्यातली. मागच्या जिन्याला खाली एक आणि वर एक अशी दोन काळी बटणं होती. खालून लावलेला दिवा वरून विझवता यायचा. हा काय जादूटोणा, म्हणून आम्ही मधल्या सुट्टीत खटक-खटक करत बसायचो आणि शिपाईकाकांच्या शिव्या खायचो. एक दिवस सरांनी अख्खा वर्ग जिन्यावर नेला. खालच्या पायरीवर एक मुलगा, वर दुसरा, आणि दोघांच्या मध्ये जिनाभर ताणलेल्या दोन दोऱ्या. प्रत्येकाने एका वेळी एकच दोरी धरायची. हाताला रिकामं राहायचं नाही. दोघांच्या हातात एकच दोरी आली की वाट जुळली. कोणीही एकाने हात बदलला की तुटली. दुसऱ्याने बदलला की पुन्हा जुळली. मी दिवा होतो. वाट जुळली की उभं राहायचं, तुटली की बसायचं. उत्साहाच्या भरात मी दोन्ही दोऱ्यांच्या मधोमध जाऊन बसलो. सर खालून ओरडले, "अरे, तिथे कुठे कडमडलास! दिवा बटणाच्या पुढे असतो, वर जा." घंटा होईपर्यंत मी उठाबशा काढल्या. पुढे आयटीआयला वायरमन ट्रेडमध्ये टू-वे स्विचची आकृती आली, तेव्हा मास्तरांनी खडू खाली ठेवण्याआधी माझी काढून झाली होती.

जाता जाता सरांनी एक प्रश्न टाकला होता. बटण दिव्याच्या अलीकडे लावायचं की पलीकडे? आम्ही म्हणालो, कुठेही लावा, कडं तुटलं की झालं. "या ३ व्होल्टला कुठेही चालेल. घरातल्या २३० व्होल्टला फेजवरच." फेज म्हणजे वीज घेऊन येणारी तार. कारण तेव्हा अर्धंच समजलं. धंद्यात पडल्यावर एका घरी बटण बंद करून बल्ब बदलायला चढलो, सवयीने होल्डरला टेस्टर लावला आणि तो पेटला. कोणीतरी बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, जोडलं होतं. दिवा विझलेला, पण फेज थेट होल्डरपर्यंत येऊन थांबलेली. हात लावला असता तर मीच कडं पुरं केलं असतं. त्या दिवशी संध्याकाळी सरांना फोन केला. ते म्हणाले, "चप्पल घातली होतीस ना?"

आज माझ्याकडे अकरा माणसं आहेत, ठेकेदारीचं लायसन आहे. मागच्या वर्षी शाळेत आलो होतो. प्रयोगशाळेत परिपथाचे तयार संच आलेत, बटण आधीच बसवलेलं. दाबलं की लागतं. सुबक आहेत, नाही म्हणत नाही. पण पिन बोटात घुसल्याशिवाय वाट कुठे तुटते ते पोरांना कसं कळणार? जुना जिनाही गेला, तिथे आता सिमेंटचा आहे आणि माणूस आला की आपोआप लागणारा दिवा.

समारंभाच्या मांडवाची लाईट माझ्याकडे आहे, अर्थात बिलाशिवाय. सर येणार आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना स्टेजवर चढवत नाही, म्हणून खुर्ची खालीच ठेवायला सांगितली आहे. स्टेजच्या पायऱ्यांवर एक दिवा लावतोय, दोन बटणांचा. वरच्या बटणापाशी मी असेन. खालचं सरांच्या हाताशी राहील. बाकी कोणी कृपया खटक-खटक करू नये.