आमची वाटचाल : रॅडिकल मोजून देणाऱ्यांचा धंदा

भोसरी एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. सांडपाण्यासाठी हायड्रोडायनॅमिक कॅव्हिटेशनचे स्किड आम्ही बनवतो. स्किड म्हणजे चौकटीवर बसवलेला पंप-पाइपांचा संच. त्यात पाणी भोकांच्या प्लेटमधून जोरात ढकललं की बुडबुडे होतात, आणि ते फुटताना निघणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल पाण्यातला रंग आणि घाण तोडतात. असे स्किड बनवणारे आता बरेच झालेत. पण स्किडबरोबर 'या प्लेटमधून, या दाबाला, या तापमानाला एवढे हायड्रॉक्सिल रॅडिकल हाती लागले' असा मोजलेला आकडा आणि तो कसा मोजला याचा कागद कोण देतं, ते ज्यानं त्यानं आपल्या पुरवठादाराला विचारून बघावं. आम्ही पहिल्या स्किडपासून देतो. आणि याच कागदापायी एकदा आमच्यावर शटर खाली ओढायची वेळ आली होती.

मूळ विद्या माटुंग्याची. यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), प्रा. अनिरुद्ध पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकापासून हा विषय लावून धरला. प्रा. पराग गोगटे यांचं सांडपाण्यावरचं कामही तिथलंच. पुण्यात एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, व्होर्टेक्स डायोडवर (पाणी भोवऱ्यासारखं फिरवून बुडबुडे करणाऱ्या साधनावर) काम झालं. आम्ही यांपैकी कुणाचे विद्यार्थी नव्हे, पण त्यांचे पेपर वाचूनच शिकलो.

माझा भागीदार टूलरूममधला माणूस. एसएस 316 या स्टेनलेस स्टीलच्या प्लेटमध्ये 1 मिलिमीटरचं भोक सरळ पाडणं म्हणजे काय, हे ज्यानं पाडलंय त्यालाच विचारा. बिट मोडतात, मटेरियल कडक होतं, कूलंट आतवर पोचत नाही. लेझरनं कापून घ्या म्हणणारे खूप भेटतात. लेझरनं भोकाला उतार येतो आणि मागच्या कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहते. आमची प्लेट भागीदार भिंगाखाली बघून पास करतो, कारण आत शिरणारी कड धारदार नसेल तर पाण्याचा झोत हवा तसा सुटत नाही. एकूण क्षेत्रफळ तेच ठेवून भोकं बारीक आणि जास्त केली की परिघ वाढतो, आणि बुडबुडे तिथेच जन्मतात. स्किड नीट चालू असला की ओरिफिसनंतरच्या, म्हणजे प्लेटच्या भोकांनंतरच्या, पाइपातून खडी वाहत असल्यासारखा आवाज येतो. तो आवाज नुसत्या कानानं ओळखणारे ऑपरेटर आमच्याकडे आहेत.

तरीही आवाज म्हणजे मोजमाप नव्हे. भोकातून पाणी सेकंदाला सुमारे 14 मीटर वेगानं जाऊन वातावरणाच्या दाबाला उघडलं की कॅव्हिटेशन नंबर (बुडबुडे व्हायची शक्यता सांगणारा आकडा) एकच्या आसपास येतो, एवढं गणित कुणीही करतं. बुडबुडे फुटताना रॅडिकल किती निघाले, ते त्या गणितातून कळत नाही. हायड्रॉक्सिल रॅडिकल पाण्यात मायक्रोसेकंदसुद्धा टिकत नाही. त्याला हातात धरता येत नाही, त्याला पकडणारं काहीतरी पाण्यात आधीच असावं लागतं.

सोपी पद्धत वाइसलरची. पोटॅशियम आयोडाइड घाला, आयोडीन सुटतं, पाणी पिवळं होतं, किती प्रकाश शोषला ते 350 नॅनोमीटरला वाचा. स्वस्त आहे, साइटवर होते. पण आयोडाइडला ऑक्सिडायझर कुठला याचं सोयरसुतक नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड असो, क्लोरीन असो, ते सगळ्यांना पिवळंच उत्तर देतं. म्हणून आम्ही टेरेफ्थॅलिक ॲसिडवर गेलो. ते साध्या पाण्यात विरघळत नाही, आधी पातळ कॉस्टिक सोड्यात घ्यावं लागतं, मग पीएच धरून ठेवणारा बफर. हायड्रॉक्सिल रॅडिकल लागला की त्याचं 2-हायड्रॉक्सी टेरेफ्थॅलिक ॲसिड होतं, आणि ते 315 नॅनोमीटरच्या प्रकाशात 425ला चमकतं. प्रत्येक रॅडिकलमागे एक चमकणारा रेणू मिळतो असंही नाही. सुमारे 35 टक्केच धरतात, तो हिशेब लावावा लागतो. ही चमक मोजणारा जुना फ्लुओरोमीटर आम्ही कर्ज काढून घेतला तेव्हा नातेवाइकांनी विचारलं, पंपवाल्यांना हे कशाला? त्या फ्लुओरोमीटरनंच पुढे आमची लाज राखली.

आमचे पहिले गिऱ्हाईक इचलकरंजीचे. त्यांचं नाव लिहीत नाही, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. कापड रंगवायचं प्रोसेस हाऊस, रिॲक्टिव्ह डायचे रंग, जिगर या रंगवायच्या यंत्राचं पाणी, पुढे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. पहिल्या ट्रायलला आप्पा टाकीशेजारी खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "इंजिनिअर, रंग गेल्याचं मला दिसतंय. पण का गेला ते दाखवा की." असा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक या धंद्यात नशिबानं मिळतं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, नुसत्या कॅव्हिटेशननं तुमचा सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) 250पर्यंत उतरणार नाही. सोबत पेरॉक्साइड द्यावं लागेल, पीएच उतरवावा लागेल. त्यांनी तरीही ऑर्डर दिली.

मग आला तो प्रतिस्पर्धी. जीएसटी नुकतं लागलं होतं, प्रोसेस हाऊसवाले हवालदिल होते, आणि काही जण मिळून एकत्र स्किड घेणार होते. आमचं कोटेशन पुढे होतं. त्या भरवशावर आम्ही पंप उचलले, प्लेट पाडून ठेवल्या. आमच्या कागदावर रॅडिकलचा आकडा मायक्रोमोल या रसायनशास्त्रातल्या एककामध्ये होता, कारण तो मायक्रोमोलमध्येच असतो. यांच्या रंगीत पत्रकावर 'कोट्यवधी रॅडिकल' लिहिलेलं. डेमोत त्यांनी स्किडमधून आलेलं पाणी काचेच्या बाटलीत घेतलं, आयोडाइड टाकलं, पाणी गडद पिवळं. स्टार्च टाकला, निळंशार. टाळ्या पडल्या. ऑर्डर तिकडे गेली.

आप्पांनी मला त्याच संध्याकाळी बोलावलं. प्रतिस्पर्ध्याच्या स्किडवर एक डोसिंग पंप (थोडं थोडं रसायन सोडणारा) होता आणि खाली 'ॲक्टिव्हेटर'चा कॅन. झाकण उघडल्याबरोबर वास आला. मी आप्पांच्या ऑफिसातलं आरओचं पाणी बीकरमध्ये घेतलं, आयोडाइड विरघळवलं, पाणी स्वच्छ. त्यात कॅनमधले चार थेंब सोडले. ना पंप, ना प्लेट, ना बुडबुडा, आणि बीकर तपकिरी. मग थायोसल्फेट घातलं, पुन्हा स्वच्छ. कॅनमध्ये हायपो होतं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कापड ब्लीच करायला आप्पांच्याच गोदामात पडलेलं असतं तेच. आप्पा काही वेळ बीकरकडे बघत राहिले. मग त्यांनी उरलेल्या मंडळींना फोन लावले. बहुतेकांचं उत्तर एकच: रंग गेला ना, मग झालं.

झालं नव्हतं. हायपोनं रंग जातो, पण पाण्यात क्लोराइड चढतं, क्लोरीन लागलेली सेंद्रिय द्रव्यं तयार होतात, आणि उरलेलं क्लोरीन पुढच्या एरेशन टँकमधले (हवा सोडलेल्या टाकीतले) घाण खाणारे जीवाणू मारतं. पण हे सगळं कळायला वेळ लागतो, आणि तोवर आमचे पंप शेडमध्ये उभे, पंपवाल्यानं उधारी बंद केलेली, एका जुन्या कामाचं रिटेन्शन, म्हणजे गिऱ्हाईकानं हमी म्हणून राखून ठेवलेली रक्कम, अडकलेलं. पगार पुढे ढकलले. दोन चांगले फिटर सोडून गेले, त्यांना मी दोष देत नाही. एका कार्यालयात तक्रार घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, तुम्ही धंद्यात हरलात म्हणून आलात. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

त्या काळात आप्पांनी काम दिलं नसतं तर हा मजकूर लिहायला मी नसतो. त्यांनी दुसरा स्किड घेतला, अर्धे पैसे आधी दिले, आणि अट घातली की आमच्या ईटीपीवर तुमचं मोजमाप माझ्या माणसांना शिकवायचं. शिकवलं. पुढे त्या मंडळींच्या एरेशन टँकमधले जीवाणू मेले, टँक बंद पडल्या, तेव्हा त्यांतले काही आमच्याकडे आले. काही आजही म्हणतात, कॅव्हिटेशन म्हणजे फसवाफसवी. मला सर्वांत जास्त लागतं ते हे. बुडाली ती ऑर्डर भरून निघाली, विद्येचं गेलेलं नाव अजून भरून निघालेलं नाही.

नंतरची वर्षं बरी गेली.

आता न विचारता सांगतो, कारण सांगणारे कमी आहेत. ब्लँक, म्हणजे प्रक्रियेशिवायची तुलनेची चाचणी, लावल्याशिवाय कुठलाही आकडा मानू नका. एक ब्लँक नुसत्या पाण्याचा. दुसरा ब्लँक, पंप चालू ठेवून आणि प्लेट काढून, कारण पंपाच्या इंपेलरवरही (आतल्या फिरत्या चाकावरही) कॅव्हिटेशन होतं आणि त्याचं श्रेय प्लेटला जातं. तापमान धरून ठेवा, पंप टाकी तापवतो आणि गरम पाण्यात बुडबुड्यात वाफ भरून फुटण्याचा जोर जातो. दाब वाढवत नेला की रॅडिकल वाढतच जातात असं समजू नका, एका टप्प्यानंतर बुडबुड्यांचा ढग होतो आणि आकडा उतरतो. टेरेफ्थॅलिकचे नमुने सुरुवातीलाच घ्या, फार वेळ चालवलं तर तयार झालेल्या चमकणाऱ्या द्रव्यालाही रॅडिकल खाऊन टाकतात. रंगीत पाण्यात फ्लुओरोमीटर वाचू नका, रंगच प्रकाश पितो. पाण्यात बायकार्बोनेट किती ते आधी बघा, तेही रॅडिकल खातं, आणि बोअरच्या जड पाण्यात निम्मी लढाई तिथेच जाते. आणि पेरॉक्साइड वापरत असाल तर सीओडी काढण्याआधी उरलेलं पेरॉक्साइड मारा, नाहीतर डायक्रोमेट, म्हणजे सीओडीच्या चाचणीतलं रसायन, त्याच्यावरही खर्च होतं आणि सीओडी वाढलेला दिसतो. चांगलं काम करूनही त्यापायी नापास झालेले लोक मी पाहिलेत.

सध्या आप्पांच्या मुलाच्या युनिटवर व्होर्टेक्स डायोडची ट्रायल चालू आहे. बारीक भोकं नाहीत, त्यामुळे धागा-लिंट अडकत नाही, आणि कापडाच्या पाण्यात ती मोठी सोय आहे. भागीदारानं त्याची चकती स्वतः लेथवर काढलीय. ओरिफिसशी त्याची तुलना त्याच पंपावर, त्याच टाकीत, त्याच तापमानाला चालली आहे. कुणाला बघायची असेल तर जरूर या. येताना आपलं पाणी आणि आपल्याच दुकानातून घेतलेलं पोटॅशियम आयोडाइड घेऊन या. पहिला ब्लँक तुमच्या हातानं लावू, मग पंप सुरू करू.