तोंडाने वाजणारी गिटार

१६ डिसेंबर, रात्री

आज स्टुअर्ट ॲडमसनचा स्मृतिदिन, 'स्किड्स' या स्कॉटिश बँडच्या गिटारवादकाचा. सकाळी कामावर जातानाच आठवलं होतं, मग दिवसभर मनातून गेलंच नाही. संध्याकाळी एडिंबराहून परतताना गाडी फोर्थ खाडीवरच्या लाल पुलावर आली तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता. कानात 'स्किड्स' लावलं आणि डन्फर्मलिन, म्हणजे मी राहतो ते गाव, येईपर्यंत डोळे मिटून बसलो.

या माणसाची माझी ओळख फुटबॉलच्या मैदानावर झाली. पुण्याहून इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एकाने मला ईस्ट एंड पार्कला, इथल्या क्लबच्या मैदानावर, सामन्याला नेलं होतं. खेळाडू बाहेर यायच्या वेळी स्पीकरवर आधी बेस धडधडला, मग ड्रम्स आले, आणि मग ती गिटार. शेजारी काळ्या-पांढऱ्या मफलरमधले एक आजोबा होते, सत्तरीच्या आसपासचे. हातातला चहाचा कप त्यांनी खाली पायाशी ठेवला आणि गायला लागले. पण शब्द नाहीत! गिटारची चालच तोंडाने म्हणत होते. मागच्या रांगेतली पोरंही तेच.

ते गाणं स्किड्सचं 'इन्टू द व्हॅली'. १९७९ साली ते ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दहाव्या क्रमांकावर गेलं. याच फाइफ परगण्यातली कोवळी पोरं सैन्यात भरती होऊन उत्तर आयर्लंडला जात होती, त्यांचं हे गाणं. गायक रिचर्ड जॉब्सनचा उच्चार असा की इंग्रजी ज्यांची मायबोली, त्यांनाही शब्द लागत नाहीत. पुढे मॅक्सेल कॅसेटच्या जाहिरातीत त्या चुकीच्या ऐकलेल्या शब्दांवरून देशभर हशा पिकला. मला मात्र त्यातलं दुःख शब्दांच्या आधी गिटारमधून कळलं, आणि ते आजोबा गिटारच का गात होते हेही.

१९७७ च्या ऑगस्टमध्ये याच गावातल्या एका हॉटेलात स्किड्सचा पहिला कार्यक्रम झाला. ॲडमसन १९ वर्षांचा, जॉब्सन तर १६ चा. आजूबाजूला कोळशाच्या खाणी आणि खाणकामगारांची वस्ती. पहिली रेकॉर्ड गावातल्याच एका रेकॉर्डच्या दुकानदाराने काढली. ती बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पीलने लावली आणि त्याच वर्षी, १९७८ मध्ये, व्हर्जिन कंपनीने त्यांना करारबद्ध केलं. लंडनचं पंक, म्हणजे तेव्हाचं बंडखोर रॉक, तेव्हा तीन सुरांत आदळआपट करत होतं. ॲडमसनच्या गिटारमध्ये पहिल्यापासून चाल होती, एकदा ऐकली की गुणगुणता येणारी.

जॉब्सन लंडनमध्ये रमला. ॲडमसनचा जीव इथेच. १९८१ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला, गावातल्याच ब्रूस वॉटसनला हाताशी धरून 'बिग कंट्री' हा नवा बँड उभा केला, आणि १९८३ च्या पहिल्या अल्बमपासून लोक म्हणायला लागले की याची गिटार बॅगपाइपसारखी वाजते. बॅगपाइपमध्ये एक सूर अखंड चालू असतो आणि त्यावर चाल फिरते. आपल्याकडे सनईच्या जोडीला एकजण नुसता सूर धरून बसतो, तसंच. म्हणूनच की काय, मला हे संगीत कधी परकं वाटलंच नाही.

बिग कंट्रीचा १९८४ चा अल्बम मी फार वेळा ऐकत नाही. ऐकवत नाही. पोटासाठी स्कॉटलंड सोडून इंग्लंडमधल्या कॉर्बीला पोलाद कारखान्यात गेलेली माणसं, आणि १९८० मध्ये तिथल्या भट्ट्या थंड झाल्यावर त्यांचं काय झालं, ते त्यात आहे. घर सोडून कामासाठी आलेल्या माणसाला ते फार जवळून लागतं.

गावाला एवढा चिकटून राहिलेला हा माणूस शेवटी अमेरिकेत नॅशव्हिलला गेला. मध्ये बरीच वर्षं सुटलेली दारू पुन्हा मागे लागली होती. २००१ च्या डिसेंबरमध्ये होनोलुलूतल्या एका हॉटेलात त्याने आयुष्य संपवलं. वय ४३. ते हॉटेल आणि हे गाव यांत अर्ध्या जगाचं अंतर, आणि त्या शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ इथलं कुणीतरी असायला हवं होतं, असं मला दरवर्षी या तारखेला वाटतं. २००६ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सचं स्टेडियम पुन्हा उघडलं, तेव्हा यू टू आणि ग्रीन डे या दोन बँडनी मिळून स्किड्सचंच एक गाणं वाजवलं. ते ऐकायला तो नव्हता.

स्टेशनवरून घरी आलो, जेवण गरम करायच्या आधी गिटार काढली. एक तार मोकळी वाजत ठेवायची आणि शेजारच्या तारेवर बोट सरकवत चाल काढायची. बोटं गारठलेली, मोकळी तार सारखी दबत होती. साडेनवापर्यंत पहिला तुकडा बसला. शेजारी त्रास नको म्हणून पुढचा तुकडा तोंडानेच म्हटला, त्या आजोबांसारखा.